शांततेचं ठिगळ

१

तीनशे माणसं पियानो ऐकायला एका हॉलमध्ये बसली की त्यांतली वीसेक तरी खोकतात. तेही कुठे? जोरात वाजत असताना नाही. तिथे खोकलं तर कुणाच्या बापाला कळणार नाही. पण सूर हलका होत होत विरायला आला, वाजवणाऱ्याचं बोट पट्टीवरून उचललं जातंय, की कुणीतरी घसा साफ करतं. त्याचं ऐकून दुसऱ्याला आठवण होते. मग तिसरा गोळीचा कागद सोडतो, तोही सावकाश, म्हणजे आवाज होऊ नये म्हणून दुप्पट वेळ.

हे सगळं नंतर काढून टाकणं हा माझा धंदा. बावीस वर्षं मी कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करते, आणि वादक मंडळी मला 'कात्री' म्हणतात. मी त्यावर कधी रागावले नाही. उलट मनातून सुखावतच आले.

पण खोकला नुसता कापून भागत नाही. कापला की तिथे भोक पडतं. रिकामा हॉलसुद्धा कधी पूर्ण गप्प नसतो. हवा खेळवणारी यंत्रं असतात, दिवे असतात, भिंतीतले नळ असतात. त्यांची मिळून एक बारीक घरघर सतत चालू असते. ती मध्येच तुटली तर कान लगेच दचकतो. म्हणून आम्ही लोकांना आत सोडण्याआधी सगळ्यांना बाहेर काढतो आणि रिकाम्या हॉलची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून ठेवतो. पुढे दोन सुरांमधला खोकला जिथे कापला, तिथे त्या शांततेचा तेवढाच तुकडा लावायचा. ठिगळ लावतात तसं. नीट बसलं तर वाजवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

आमच्या हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे काका दर वेळी मला तोच प्रश्न विचारतात, "काय ताई, एक मिनिट शांतता? कोण गेलं?" आणि स्वतःच हसतात. बावीस वर्षांत मी त्यावर एकदाही हसले नव्हते, पण काकांनी हार मानली नव्हती.

२

यंदा बाईंचे तीन कार्यक्रम होते, महिन्याला एक, संध्याकाळी पाचचे. बाई म्हणजे पियानोवादक. वय पंचाहत्तर, जीभ तिखट, आणि उजव्या हाताची दोन बोटं हळूहळू आखडत चाललेली. हे तीन झाले की त्या लोकांसमोर वाजवणार नव्हत्या. तिन्हींमधलं उत्तम ते निवडून एक रेकॉर्ड काढायचं ठरलं होतं. "माझ्या मागे एवढंच राहणार आहे, कात्री," त्या म्हणाल्या होत्या, "त्यात लोकांची फुप्फुसं नकोत."

पहिला कार्यक्रम झाला. लोकांनी सालाबादप्रमाणे खोकून घेतलं. मी आठवडाभर बसून सगळं साफ केलं आणि बाईंना ऐकायला पाठवलं. वाटलं, कौतुकाचा फोन येईल.

फोन आला. "कात्री, तू एकच खोकला एकोणीस जागी पेरलायस."

"बाई, असं होणार नाही. मी सगळे काढलेत."

"मोजलेत मी. एकोणीस. अगदी हलका आहे, पण तोच आहे. कुणीतरी खोकला आतल्या आत गिळतंय. मला शिकवू नकोस, माझी बोटं गेलीत, कान नाहीत."

मी जरा चिडूनच फाइल उघडली. आवाज वाढवला. पहिल्या ठिगळावर गेले, मग दुसऱ्या, मग सातव्या. बाईंचं बरोबर होतं. जिथे जिथे मी ठिगळ लावलं होतं, तिथे तिथे तो होता. खोकला काढून मी त्याच्या जागी खोकला लावला होता.

आमच्या धंद्यात ही चूक कुणाकडूनही होऊ शकते, कारण शांतता कुणी ऐकत बसत नाही. ती घेतो, त्यातला एक बरा तुकडा निवडतो, वापरतो. मी चाळीस ते पंचेचाळीस सेकंदांमधला तुकडा घेतला होता. एक्केचाळिसाव्या सेकंदाला तो होता.

आणि ती शांतता रिकाम्या हॉलची होती.

३

आता माणूस अशा वेळी काय करतो? कारणं शोधतो. मी शोधली. काका आत राहिले असतील. पण काका बाहेरच्या पायरीवर बसून माझ्याशीच डोळ्यांनी बोलत होते. भिंतीतला नळ असेल. पण नळ नाकातून श्वास घेत नाही. जुन्या कार्यक्रमाचा आवाज फाइलमध्ये मिसळला असेल. पण ती फाइल त्याच दुपारी कोरी केलेली होती.

मी तो दीड सेकंद शंभरदा ऐकला. आधी छातीत उबळ आल्याचा एक धक्का. मग तोंड घट्ट मिटून ती आत ढकलल्याचा आवाज. मग अगदी बारीक, धातूचा वाटावा असा 'टिक'. आणि शेवटी नाकातून सोडलेला एक 'हं', जणू काही झालंच नाही.

खोकल्यांच्या बाबतीत मला फुशारकी मारायचा हक्क आहे. सिगरेटवाल्याचा खोकला, कंटाळलेल्याचा खोकला, 'मीही आलोय बरं का' असा खोकला, सगळे मला कळतात. हा त्यांतला नव्हता. हे माणूस कुणाला त्रास होऊ नये म्हणून जिवाच्या आकांताने खोकला दाबत होतं. रिकाम्या हॉलमध्ये त्याने कुणाची एवढी भीड धरली होती?

मी स्टेजवर दोन माइक श्रोत्यांकडे तोंड करून लावते, टाळ्यांसाठी. आवाज कोणत्या माइकला आधी पोचला यावरून तो कुठून आला याचा अंदाज बांधता येतो. मी बांधला. सहावी रांग, उजवीकडची कडेची खुर्ची.

ती खुर्ची मला माहीत होती. अप्पांचे गुडघे दुखतात, पाय लांब करायला लागतो, म्हणून काका ती नेहमी अप्पांसाठी राखून ठेवतात. अप्पा म्हणजे माझे वडील. पण त्या वेळी, दुपारी तीन वाजता, अप्पा घरी होते. शिवाय अप्पा खोकत नाहीत. हे मी अभिमानाने सांगत असे. माझ्या वडिलांना शिस्त आहे, असं.

बाईंना मी सांगितलं की तांत्रिक दोष होता, आणि सगळी ठिगळं दुसऱ्या तुकड्यातून पुन्हा लावली. तांत्रिक दोष हा शब्द फार सोयीचा आहे.

४

दुसऱ्या कार्यक्रमाला मी तयारीने गेले. तीन वाजता हॉल रिकामा केला. स्वच्छतागृहांपर्यंत सगळं स्वतः बघितलं. तिन्ही दारांना काकांकडून कुलूप लावून घेतलं. "कोण गेलं?" काकांनी विचारलं. "अजून तरी कुणी नाही," मी म्हणाले आणि माझंच मला ते बोलणं आवडलं नाही.

स्टेजच्या बाजूला माझी छोटी खोली आहे. तिला काचेची एक खिडकी आहे, तिच्यातून सगळा हॉल दिसतो. मी हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. या खेपेला मी शांतता ऐकत बसले.

दहा सेकंद. वीस. यंत्रांची घरघर, बाकी काही नाही. तीस. मला स्वतःचं हसू यायला लागलं होतं.

मग तो आला. एकदा, आणि लगेच पुन्हा. पहिल्या वेळेपेक्षा मोठा, ओला, खोलवरचा. दाबणाऱ्याला आता तो दाबता येत नव्हता. तिसऱ्यांदा. टिक. चौथ्यांदा. मग बराच वेळ धाप. मग 'हं'.

मी खिडकीतून बघितलं. आमच्या हॉलच्या खुर्च्या स्प्रिंगच्या आहेत. माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर जाते. दोनशे नव्याण्णव फळ्या वर होत्या. सहाव्या रांगेतली कडेची तेवढी खाली होती. त्या खुर्चीवर कुणी नव्हतं. पण समोरच्या खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेची मखमल एका जागी दबलेली होती, चार बोटांएवढी. वाकून आधार घेताना हात टेकावा तशी.

मी डोळे मिटून उघडले नाहीत, की अंगावर काटा वगैरे काही आला नाही. मी रेकॉर्डिंग बंद केलं, तारीख घातली, वेळ घातली, तीन वाजून सात मिनिटं, आणि नेहमीसारखा घरी फोन लावला. कार्यक्रमाच्या दिवशी मी अप्पांना या वेळी फोन करतेच, नाहीतर ते वर्तमानपत्रात रमतात आणि उशिरा निघतात.

फोन बराच वेळ वाजला. "हॅलो," अप्पा म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"अप्पा, काय झालं?"

"काही नाही गं. पाणी प्यायला उठलो होतो. चारला निघू ना?"

"हो. चारला."

खिडकीतून पुन्हा बघितलं तेव्हा ती फळी वर होती. मखमल पुन्हा सारखी झालेली होती. मी काकांना म्हणाले की सहाव्या रांगेतल्या त्या खुर्चीची स्प्रिंग सैल झाली आहे का बघा. त्यांनी जाऊन दोनदा दाबून बघितली. "ठणठणीत आहे," ते म्हणाले.

अप्पा पाचला आले, त्याच खुर्चीत बसले, आणि दीड तासात एकदाही खोकले नाहीत. मी सगळा वेळ काचेतून त्यांच्याकडेच बघत होते. मध्यंतरात ते लगबगीने बाहेर गेले आणि सगळ्यात शेवटी आत आले. त्या दिवशी बाईंनी कसं वाजवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

५

आमच्या घरात एक शांत खोली आहे. कापाकापीचं काम मी तिथे करते. अप्पा सुतार; चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं नि पलंग केले, आणि निवृत्त झाल्यावर माझ्यासाठी ही खोली केली. भिंतींना लोकर, दाराला आतून-बाहेरून जाड गादी. दार लावलं की घरात काय चाललंय ते आत अजिबात ऐकू येत नाही. दाराची गादी जुनी झाली होती, ती त्यांनी याच वर्षी, बाईंच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, नवी ठोकून दिली.

याच दारामागे मी बसलेली असायचे तेव्हा आई स्वयंपाकघरात खोकायची. आठ महिने खोकायची. हवा बदलली की होतं, म्हणायची. जेवायला मी बाहेर यायचे तेव्हा तिने पाणी पिऊन घसा ओला केलेला असायचा. दवाखान्यात नेली तेव्हा तीन आठवडे उरले होते. जगातल्या सगळ्या हॉलमधला खोकला मी टिपला आणि घरातला टिपला नाही. चार वर्षं झाली, पण हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी त्या खोलीत बसून तीच शांतता पुन्हा ऐकत होते. चौथा खोकला, धाप, 'हं'. तहान लागली म्हणून उठले. एरवी मी एकपर्यंत बाहेर येत नाही.

अप्पा गॅलरीत पाठमोरे उभे होते. एका हाताने त्यांनी कठडा धरला होता. दुसऱ्या हाताने टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला होता. त्यांचे खांदे गदागदा हलत होते, गुडघे वाकत होते, मान लालबुंद झाली होती, आणि कसलाही आवाज येत नव्हता. अजिबात नाही. मी चार पावलांवर उभी होते.

मग त्यांनी बोळा काढला, तोंड पुसलं, आणि नाकातून श्वास सोडला. 'हं.'

हेडफोन माझ्या गळ्यात लोंबत होते. तोच आवाज या खेपेला उघड्या कानांनी ऐकला, आणि मी खरोखर घाबरले. रिकाम्या खुर्चीने मला जेवढं घाबरवलं नव्हतं तेवढी घाबरले.

"अप्पा."

ते दचकून वळले. चोरी पकडल्यासारखा चेहरा. "तू एवढ्यात बाहेर कशी? मला वाटलं रेकॉर्डिंग चालू आहे."

"किती दिवस चाललंय हे?"

"जरा कोरडा आहे घसा."

"अप्पा, किती दिवस?"

"सव्वा महिना झाला असेल," ते म्हणाले. "पण तुला त्रास नको म्हणून. दाबला की जातो."

"कुठे जातो?"

त्यांना वाटलं मी भांडते आहे. मी भांडत नव्हते. मला खरंच विचारायचं होतं.

"परवा, कार्यक्रमाच्या दिवशी, मी दुपारी फोन केला तेव्हाही खोकत होतात?"

"तेव्हाच मोठी उबळ आली होती. ओळीने चारदा. टॉवेल तोंडातच होता, तेवढ्यात तुझा फोन वाजला."

बावीस वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डिंगला, अप्पा शेवटच्या तुकड्यात तीनदा खोकले होते. बाहेर आल्यावर पंधरा माणसांसमोर मी त्यांना म्हणाले होते, "अप्पा, तुम्हाला एक तास तोंड बंद ठेवता येत नाही?" ते हसले होते. त्यानंतर त्यांनी ते कायम बंद ठेवलं. त्या शिस्तीचा मी अभिमान बाळगत होते.

६

मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात ते सारखे म्हणत होते, "तिसरा कार्यक्रम होऊ दे, मग जाऊ." मी तोंड उघडलं असतं तर रडले असते.

छातीचा फोटो काढला. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. हाच तो दवाखाना, आईचा. भिंतींचा रंग बदलला होता, बाक तोच होता. अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना परत उबळ येत होती. ती दाबताना त्यांची बोटं माझ्या हातात रुतत होती.

"खोका," मी म्हणाले.

"अगं, दवाखाना आहे, लोक..."

"अप्पा, खोका. मोठ्याने खोका."

ते खोकले. सगळा व्हरांडा दणाणला. पलीकडच्या बाईने मुलाला जवळ ओढलं. मला तो आवाज इतका भयंकर आणि इतका बरा वाटला की मी त्यांची पाठ चोळत बसले.

अर्ध्या तासाने डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. फोटो उजेडाला लावलेला होता, पण त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. फोटोकडेच बघत होत्या. आईच्या वेळीही असंच झालं होतं. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही काम काय करायचात?"

"सुतारकाम."

"खिळे ठोकताना बाकीचे खिळे कुठे धरायचात?"

अप्पा ओशाळले. "तोंडात. सगळेच धरतात."

डॉक्टरबाई बाजूला झाल्या. फोटोत उजव्या बाजूला, बरगड्यांच्या धुक्यात, एक खिळा होता. छोटासा, पांढरा, डोक्यासकट. त्याला मी दुसरं काही म्हणूच शकले नसते.

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा खाली बघत होते.

"दाराची गादी ठोकत होतो," ते म्हणाले. "ठसका लागला. एक कमी भरला. वाटलं पोटात गेला असेल, गेला तसा निघेल. चाळीस वर्षांत एक खिळा गिळला नाही मी, पोरी. सांगायची लाज वाटली."

"पोटात नाही, श्वासनळीत गेलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजूबाजूला पू धरायला लागलाय. अजून महिनाभर असेच दाबत बसला असता तर मी अशी हसले नसते." आणि त्या खरोखर हसत होत्या. "उद्या घशातून नळी घालून काढू. चिरफाड नाही."

मी तिथे, डॉक्टरांच्या समोर, तोंडावर हात घेऊन रडले. अप्पा मला पाणी देत होते आणि मध्येमध्ये खोकत होते, आणि कुणी कुणाला गप्प बसवत नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. मी बाकावर बसले. तासाभराने डॉक्टरबाई हिरव्या टोपीसकट बाहेर आल्या. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "गुंगी उतरली की चहा मागतील. हा तुमचा ऐवज."

त्यांच्या हातात स्टीलची वाटीसारखी थाळी होती. त्यांनी ती मला दाखवायला तिरकी केली. खिळा घरंगळला आणि कडेला लागला.

टिक.

मी तो आवाज ओळखला. अंदाजाने नाही, आवाजाच्या बाबतीत मी अंदाज करत नाही. तीच उंची, तेवढाच लांब, शेवटी तीच बारीक किणकिण. खिळा तोवर एका माणसाच्या छातीत, मांसात रुतलेला होता. त्याला वाजायला तिथे काहीच नव्हतं. हा आवाज या थाळीतला होता, या व्हरांड्यातला, या क्षणाचा. महिनाभरापूर्वी, रिकाम्या हॉलमध्ये, एक्केचाळिसाव्या सेकंदाला, तो माझ्याकडे आधीच होता. मी एकोणीस जागी लावलाही होता.

"बरं वाटत नाहीये का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "फार बरं वाटतंय." दोन्ही खरं होतं.

८

तिसऱ्या कार्यक्रमाच्या दिवशी मी हॉलच्या दारावरची 'कृपया खोकू नये' ही पाटी काढली. ती माझ्याच हट्टाने लागली होती. काकांनी ती पाटी उलटी करून तिच्यावर चहाचा कप ठेवला.

तीन वाजता हॉल रिकामा केला. "कोण गेलं?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले आणि हसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. काका इतके गडबडले की त्यांना हसायचं सुचलं नाही.

हेडफोन घालून मी मिनिट ऐकायला बसले. चाळीस. एक्केचाळीस. काही नाही. यंत्रांची घरघर, नळातलं पाणी. पन्नास. मी श्वास सोडला.

बावन्नाव्या सेकंदाला उजवीकडून 'खट्' असा आवाज आला. स्प्रिंगची खुर्ची मिटल्याचा. रोज ऐकते तो. कुणीतरी उठून गेल्यावर येतो तो. मी काचेतून बघितलं. तीनशेच्या तीनशे फळ्या वर होत्या.

मी ती फाइल ठेवली आहे. पुन्हा ऐकलेली नाही. जे कोण होतं ते उठून गेलं, एवढं मला पुरे आहे.

पाचला अप्पा आले, आपल्या खुर्चीत बसले, पाय लांब केला. बाई त्या दिवशी आखडलेल्या बोटांना न जुमानता वाजवत होत्या. शेवटच्या तुकड्यात, अगदी शेवटच्या दोन सुरांमध्ये, जिथे सगळा हॉल श्वास रोखून बसला होता, अप्पा खोकले. चांगला मोकळा, खणखणीत, उघड्या तोंडाचा खोकला. बाईंचा खांदा किंचित हलला. मग त्यांनी शेवटचा सूर वाजवला. मी माझ्या खोलीत एकटी बसून मोठ्याने हसत होते.

कार्यक्रम संपल्यावर बाई तडक माझ्याकडे आल्या. "कात्री, आजचं सगळ्यात चांगलं झालंय. हेच घ्यायचं. तेवढा तो राक्षस काप."

"नाही कापणार."

"काय?"

"बाई, बाकीचे सगळे काढते. कागद, चेन, खुर्च्या, सगळं. तो एक राहणार."

"माझं शेवटचं वाजवणं आहे ते! कोण होता तो मेला?"

"माझे वडील."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी काय बघितलं कोण जाणे. दुखरी बोटं चोळत त्या खुर्चीत बसल्या. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. "ऐकायला माणसं आली होती, एवढं तरी कळेल." आणि जाता जाता, "सुरात खोकले पण."

तो खिळा अप्पांनी धुऊन पुसून ठेवला होता. चांगला खिळा टाकायचा कशाला, हे त्यांचं म्हणणं. परवा त्यांनी माझ्या शांत खोलीच्या चौकटीवर त्याच खिळ्याने लाकडाची एक छोटी पट्टी ठोकली, अशी, की दार दोन बोटं उघडंच राहतं. पूर्ण लागतच नाही. ठोकताना खिळा डाव्या हाताच्या चिमटीत धरला होता. तोंड मिटलेलं नव्हतं; सगळा वेळ बडबडत होते.

त्यामुळे आता काम करताना मला घर ऐकू येतं. आज सकाळी अकराला बाईंच्या शेवटच्या तुकड्यावर बसले होते, तर स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. मी यंत्र थांबवलं आणि कान देऊन पूर्ण ऐकला. कोरडा, वरचा, पाणी पिताना लागलेला ठसका. बाकी काही नाही.

"झालं का?" मी दारातून विचारलं.

"झालं, झालं. लाव तू तुझं."

तरी मी जरा थांबले. मग लावलं.